वावराचं कुंपण आणि बॅटरीवरची हत्यारं

दोन एकरांचं चौकोनी वावर धरलं तर एक बाजू साधारण २९५ फूट येते आणि चारही बाजू मिळून ११८० फूट. दहा फुटांवर एक खांब धरला तर ११८ खांब. काटेरी तारेच्या पाच ओळी म्हणजे ५९०० फूट, मीटरमध्ये १८००. प्रत्येक खांबावर पाच ठिकाणी तार बांधायची, म्हणजे ५९० बांधण्या. कुंपणाचा वेळ खरा कुठे जातो ते या शेवटच्या आकड्यात आहे. बहुतेक लोक खड्ड्यांची चिंता करत बसतात. खड्डे ट्रॅक्टरच्या डिगरनं भराभर होतात. त्यानंतर तार ताणणं, टेकू जोडणं आणि त्या पाचशे नव्वद बांधण्या पक्कडीनं पिळणं, यात मजुरांचे हात अडकून राहतात. बॅटरीवरच्या हत्यारांनी वाचतो तो वेळ हाच.

खानदेशात रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांपासून साक्री-नवापूरकडच्या मुरमाड माळापर्यंत कामं करताना हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वावरात वीज असतेच असं नाही. शेती फीडरची लाइट पाळीनं येते, आणि आली तरी विहिरीपासून बांधाच्या टोकापर्यंत वायर ओढणं हा वेगळा उद्योग होतो. लांब वायरीत व्होल्टेज पडतं, ग्राइंडर गरम होतो, वायर काट्यात अडकून सोलली जाते. जनरेटर आणला तर तो दर शंभर फुटांवर उचलून न्यावा लागतो. खांद्याला पिशवी, पिशवीत ड्रिल आणि दोन बॅटऱ्या असल्या की माणूस बांधाच्या कडेनं सरळ चालत काम करत जातो.

हत्यारांना हात लावण्याआधी हद्द पक्की करावी. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घेतली, क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली आणि शेजाऱ्यासमोर खुणा रोवल्या, की पुढचं कुंपण टिकतं. शेजारी तयार असेल तर दोघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घालण्याचा विचार जरूर करावा. एक एकराच्या चौकोनाला ८३५ फूट कुंपण लागतं आणि चार एकरांच्या चौकोनाला १६७०. क्षेत्र चौपट होतं, खर्च दुप्पटच होतो. भावाभावांच्या वाटण्या झालेल्या वावरात हा हिशोब सगळ्यांत जास्त पैसे वाचवतो.

खांबांसाठी आम्ही ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा लोखंडी अँगल धरतो. मीटरला ३ किलो वजन, म्हणजे सहा मीटरचा एक बार १८ किलोचा. आठ फुटांचे दोन खांब कापले की पावणेचार फुटांच्या आसपास तुकडा उरतो. तो भंगारात घालू नये. दोन खांबांच्या मधोमध दीड फूट ठोकून बसवला तर खालच्या तीन तारा तो घट्ट धरतो, आणि रानडुक्कर घुसतं ते याच खालच्या तारांमधून. टेकूंसाठी बारचे सरळ तीन तुकडे करावेत, दोन-दोन मीटरचे. कोपऱ्याचे, ताणाचे आणि फाटकाचे खांब मात्र ५० बाय ५० बाय ६ चे घ्यावेत. सिमेंटचा चार इंची, सात फुटी खांब पन्नास किलोच्या आसपास भरतो. तो उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यात ड्रिल मारायला गेलं की बिट आतल्या सळईवर जाऊन बसतं. सिमेंटचे खांब घेतलेच तर ओततानाच भोकं ठेवलेले घ्यावेत.

अँगल कापणं आणि भोकं पाडणं दुकानात उरकून घ्यावं. इथे बॅटरीचा मोह आवरलेला बरा. १८ व्होल्ट ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॅट-तास ऊर्जा असते. ग्राइंडर ती झपाट्यानं खातो. ४० चा अँगल एका चार्जिंगमध्ये दहा-पंधरा वेळा कापला की बॅटरी बसते. दुकानातल्या चॉप सॉवर शंभर तुकडे एका बैठकीत होतात. भोकांचंही तसंच. ११८ खांबांना पाच-पाच म्हणजे ५९० भोकं फॅब्रिकेटरच्या पंच मशीनवर पाडून घ्यावीत. वावरात ड्रिल लागतं ते राहिलेल्या, चुकलेल्या आणि जागेवर ठरणाऱ्या भोकांसाठी. त्यातही आधी सेंटर पंच मारावा, बिटावर तेलाचा थेंब सोडावा आणि ट्रिगर अर्धाच दाबावा. आठ मिलिमीटरच्या बिटाला हजाराच्या आसपास फेरे पुरतात. पूर्ण वेगानं दाबलं की बिटाचं टोक निळं पडतं, आणि निळं पडलेलं बिट मग लोखंड कापत नाही, नुसतं घासत बसतं.

ग्राइंडरला वावरात १.२ मिलिमीटर जाडीचीच कटिंग चकती लावावी. जाड चकती तेवढंच काम करायला जास्त लोखंड उडवते आणि बॅटरी लवकर संपवते. चकतीवरचं गार्ड काढून काम करायची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडायलाच हवी, कारण पातळ चकती वाकडी धरली की फुटते आणि तिचे तुकडे तोंडाच्या दिशेनं येतात. चष्मा हवाच. आणखी एक धोका खास आपल्या हंगामाचा. फेब्रुवारीनंतर बांधावर वाळलेलं गवत असतं, शेजारी गव्हाचा काड नाहीतर पऱ्हाटीचा ढीग असतो. ग्राइंडरची ठिणगी आठ-दहा फूट उडते. कापायच्या जागेभोवती गवत काढून टाकावं आणि पाण्यानं भरलेला पाठीवरचा फवारणी पंप जवळ ठेवावा. उभा गहू काही मिनिटांत जातो.

खड्ड्यांचं काम बॅटरीचं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बॅटरीचे ऑगर मिळतात, भुसभुशीत जमिनीत चार-सहा इंची खड्डा करतातही. पण आपल्या काळ्या जमिनीत नऊ इंची, अडीच फूट खोल खड्डे शंभरावर करायचे तर ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा डिगर भाड्यानं आणावा. ट्रॅक्टर जात नाही तिथे पेट्रोलचा हातऑगर. तो टू-स्ट्रोक असेल तर कंपनीनं सांगितलेलंच मिश्रण वापरावं. २५ ला १ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली ऑइल होतं. ऑगर मुळात किंवा दगडात अडकला की पातं थांबतं आणि मशीनच उलटं फिरतं. मनगट मोडायला तेवढं पुरतं. म्हणून हातऑगर दोघांनी धरावा, आणि सुताराचा छोटा ड्रिल घेऊन त्याला मातीचं पातं लावायच्या फंदात पडू नये.

खड्ड्यांची वेळ साधणं महत्त्वाचं. मे महिन्यात तापीकाठची काळी जमीन भेगाळलेली आणि दगडासारखी कडक असते. पातं वरच्या वर घासतं. जुलैत तीच माती पात्याला चिकटून गोळा होते, दर खड्ड्याला पातं खरवडावं लागतं. खरीप निघाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, खाली ओल आणि वर वाफसा असतो, तेव्हा डिगर सरळ उतरतो. धुळे-नंदुरबारकडे वेगळीच अडचण येते. त्या भागात बेसाल्टच्या डाइक, म्हणजे जमिनीतून उभ्या गेलेल्या कठीण दगडी भिंती, पुष्कळ आहेत. एका ओळीत खड्डे नीट चालतात आणि अचानक चार-पाच ठिकाणी पहारसुद्धा ठणकते. तिथे खांब फूट-दोन फूट पुढेमागे सरकवावा. अंतर दहाचं अकरा झालं तर काही बिघडत नाही.

काळ्या जमिनीतल्या खांबाबद्दल थोडं सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण बहुतेक कुंपणं पहिल्या दोन पावसाळ्यांत इथेच वाकतात. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता झाला असेल तर फुगणारी माती काँक्रीटचा गोळा खालून कवळते आणि वर ढकलते. दरवर्षी थोडा थोडा खांब वर येतो, मग कलतो. म्हणून खड्ड्याच्या बाजू सरळ हव्यात, तळ पहारीनं थोडा रुंद करावा, तळाला चार इंच मुरूम ठोकावा, त्यावर सव्वा फूट काँक्रीट आणि वरचा भाग काढलेल्या काळ्या मातीनं न भरता मुरमानं थर देऊन धुमसावा. काँक्रीट पार जमिनीच्या वर आणून गोल टोपी करण्याची पद्धत दिसायला चांगली, पण काळ्या जमिनीत तीच टोपी उचकटते.

नऊ इंची खड्ड्यात सव्वा फूट उंचीला साधारण अर्धा घनफूट काँक्रीट बसतं. सिमेंट, वाळू आणि खडी एकास दोन, चार या प्रमाणात धरली तर सिमेंटच्या एका गोणीत साडेपाच घनफुटांच्या आसपास माल होतो, म्हणजे एका गोणीत दहा खांब. दोन एकराला बारा गोण्या, कोपरे आणि टेकूंसाठी तीन वेगळ्या. खांब उभा करताना ओळंबा दोन बाजूंनी बघावा, आणि आधी दोन टोकांचे खांब पक्के करून दोरी ताणून मधले लावावेत. मग सात दिवस पाणी मारावं. या सात दिवसांत तार ओढायची घाई करू नये. ओल्या काँक्रीटमधला खांब एकदा हलला की त्याच्याभोवती पोकळी राहते, आणि ती नंतर भरून निघत नाही.

तोवर टेकू जोडून घ्यावेत, आणि बॅटरीचा पहिला मोठा फायदा इथे दिसतो. पूर्वी टेकू वेल्डिंग करायला जनरेटर, वेल्डर आणि त्याची तारीख, तिन्ही जुळवावं लागे. आता खांबाला आणि टेकूला भोक पाडून १० मिलिमीटरचा नट-बोल्ट इम्पॅक्ट ड्रायव्हरनं, म्हणजे ठोके देत बोल्ट आवळणाऱ्या हत्यारानं, आवळला की झालं. त्याला १७ ची गोटी (सॉकेट) लागते. जाळीच्या पट्टीला ८ चे बोल्ट असतील तर १३ ची. दोन्ही गोट्या दोन-दोन जवळ ठेवाव्यात, गवतात पडली की सापडत नाही. वायसर दोन्हीकडून घालावा. आवळून झाल्यावर बोल्टचं बाहेर आलेलं टोक हातोडीनं ठेचावं, म्हणजे कुणी पान्यानं सोडवून नेणार नाही. कापलेल्या आणि भोक पाडलेल्या जागी लोखंड उघडं पडलेलं असतं, तिथे त्याच दिवशी प्रायमर लावावा.

टेकू कोपऱ्याला दोन्ही दिशांनी हवा, ताणाच्या खांबालाही दोन्हीकडून. खांबाच्या उंचीच्या दोन-तृतीयांशावर जोडावा आणि पाय सपाट दगडावर किंवा काँक्रीटमध्ये टेकवावा. एका तारेत शंभर किलोचा ताण धरला तरी पाच तारांचे पाचशे किलो कोपऱ्याच्या एका बाजूला येतात. दर दीडशे फुटांच्या आत एक ताणाचा खांब ठेवावा. एखादी तार तुटली तर तेवढाच भाग सैल पडतो.

तार घेताना नुसता भाव विचारू नये, किलोला किती मीटर भरते ते विचारावं. १२ नंबरची दोन पदरी तार किलोला सात-आठ मीटर भरते, म्हणजे दोन एकराला सव्वादोनशे ते अडीचशे किलो. १४ नंबरची पातळ असते, म्हणून लांबीला जास्त भरते, पण डुकराच्या धडकेला ती टिकत नाही असं आमचं मत आहे. बंडल सळईवर अडकवून दोघांनी धरून चालत उलगडावं. जमिनीवर आडवं टाकून ओढलं की पीळ पडतो आणि पीळ पडलेली जागा पुढे तिथेच तुटते. ताणायला हाताची चेन पुली किंवा वायर स्ट्रेनर वापरावा. ट्रॅक्टरला बांधून तार ओढू नये. किती ताण आला ते ट्रॅक्टरवर बसून कळत नाही, आणि काटेरी तार तुटली की चाबकासारखी परत येते.

ताण किती ठेवायचा ते हवामानावर ठरतं. शंभर मीटर तार तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे ३६ मिलिमीटर लांबते किंवा आखडते. डिसेंबरच्या सकाळी ताणलेली तार मे महिन्याच्या दुपारी सैल दिसणारच. उलट मे महिन्यात वीणेसारखी ताणली तर थंडीत कोपरे ओढले जातील. उन्हाळ्यात काम करावं लागलं तर थोडी ढील ठेवावी. उंची जमिनीपासून ६, १४, २४, ४० आणि ६० इंच अशी आम्ही धरतो, म्हणजे खाली दाट, वर विरळ. नीलगाईला पाच फुटांची तार अडवत नाही. तिचा त्रास असेल तर खांबच उंच घ्यावे लागतात.

आता त्या ५९० बांधण्या. बांधायला काळी बाइंडिंग तार वापरू नये. स्लॅबच्या सळयांना ती ठीक, उघड्यावर ती लवकर गंजून तुटते. १४ नंबरची जस्ताची तार घ्यावी. एका बांधणीला एक फूट धरला तर पाच किलोत सगळं काम होतं. तुकडे आदल्या रात्री घरी कापून ठेवावेत. सहा मिलिमीटर सळईचा वीतभर तुकडा घेऊन एका टोकाला आकडा वाकवायचा आणि दुसरं टोक ड्रिलच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या तोंडात) आवळायचं. तारेचा तुकडा दुमडून, दोन्ही टोकं भोकातून काढून, काटेरी तारेभोवती घेऊन आणायची, आकड्यात अडकवून ट्रिगर दाबायचा. तीन-चार फेऱ्यांत बांधणी घट्ट बसते. ड्रिलचा क्लच, म्हणजे ठरावीक जोर आला की पीळ थांबवणारी कडी, हलक्या आकड्यावर, तीन ते पाचच्या मध्ये ठेवून सुरुवात करावी. क्लच कटकटला की थांबायचं. हे काम इम्पॅक्ट ड्रायव्हरनं करू नये. त्याला क्लच नसतो, तो तार तोडूनच थांबतो. उलट बोल्ट आवळायला ड्रिल वापरला तर गिअर झिजतात. म्हणून दोन्ही हत्यारं वेगळी हवीत, बॅटरी मात्र दोघांना एकच बसेल अशी घ्यावी. बांधणी हलकी असल्यानं ड्रिलची एक बॅटरी बराच वेळ चालते. एक माणूस पुढे तुकडे अडकवत जातो, दुसरा मागून पिळत येतो. पक्कडीनं दिवसभर पिळल्यावर मनगटं जशी भरून येतात, तसं इथे होत नाही, आणि शेवटची बांधणीही पहिलीइतकीच घट्ट येते. कुंपण टिकायला ही गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे.

तार खांबाच्या बाहेरच्या अंगाला लावावी. जनावर धडकलं की तार खांबावर दाबली जाते, बांधणीवर जोर येत नाही.

बॅटरी विकत घेताना डोळे उघडे ठेवावेत. बाजारात ४८, ८८, १२८ असे आकडे आणि पुढे व्हीएफ लिहिलेली हत्यारं मिळतात. आत बहुतेक वेळा पाच सेलची मालिकाच असते. पाच सेल म्हणजे १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. बाकी सगळं स्टिकरवर. बॅटरी हातात घेऊन वजन बघावं. एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. ४ अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये असे दहा सेल असतील, तर डब्यासकट सहा-सातशे ग्रॅम भरायला हवेत. तीन-चारशे ग्रॅमच्या पॅकवर ६ अँपिअर-तास लिहिलं असेल तर ते खरं नसतं. मोटर ब्रशलेस घ्यावी. त्याच चार्जिंगमध्ये काम जास्त होतं आणि कार्बन बदलायची कटकट राहत नाही.

ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि चार इंची ग्राइंडर या तिघांना मिळून चार बॅटऱ्या असल्या तर काम थांबत नाही. रात्री गावात चार्ज करून आणाव्यात. वावरातच चार्जिंग लागलं तर गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लावून चार्जर चालतो, पण गाडी चालू ठेवावी. आपल्याकडचं ऊन बॅटरीचा खरा शत्रू आहे. बहुतेक कंपन्या ४० अंशांच्या वर चार्जिंग करू नका म्हणतात, आणि जळगावात मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर असतो. ग्राइंडरमधून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावली की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. ती बिघडलेली नसते, तिला सावलीत अर्धा तास गार होऊ द्यावं. ओल्या फडक्यात गुंडाळू नये, पाणी आत जातं. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये बॅटरी ठेवू नये.

फवारणीच्या बॅटरी पंपाची सवय इथे उलटी लागते. त्यात बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी असते, ती पूर्ण भरून ठेवावी लागते. लिथियमची बॅटरी हंगाम संपल्यावर निम्मी भरून, हत्यारातून काढून, घरात गार जागी ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघावी. पूर्ण रिकामी पडून राहिली तर चार्जर तिला पुन्हा ओळखतच नाही.

फाटक ट्रॉलीसाठी बारा फूट ठेवण्याची रीत आहे. केळीचा ट्रक आत घ्यायचा असेल तर सोळा ठेवावं, आणि फाटकाच्या खांबांचे खड्डे तीन फूट खोल घ्यावेत. पुढे झटका मशीन लावायचा विचार असेल तर इन्सुलेटरची भोकं आत्ताच पाडून घ्यावीत, ड्रिल हातात असतानाच. ते मशीन प्रमाणित असावं, साधारण सेकंदाला एक क्षणिक ठोका देणारं. झटक्याची तार काटेरी नसावी, साधी गुळगुळीत असावी, कारण काट्यात अडकलेल्या जनावराला किंवा माणसाला सुटता येत नाही. आणि मेन लाइनची तार कुंपणाला जोडणं कुणीही, कुठल्याही कारणानं करू नये. त्यानं डुकरं मरण्याआधी पहाटे पाणी भरायला गेलेला सालदार मरतो.

पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर सगळ्या कुंपणाला एक फेरी मारावी. पिशवीत ड्रिल, आकडा, १७ ची गोटी आणि शंभरेक तारेचे तुकडे असावेत. टेकूंचे बोल्ट थोडे सैल झालेले सापडतात, एखाद-दुसऱ्या खांबाभोवतीचा मुरूम खचलेला दिसतो. नाल्याच्या बाजूला वाहून आलेला कचरा खालच्या तारेला लटकलेला असतो. तो लगेच काढावा, नाहीतर पुढच्या पुरात त्याच्या ओढीनं खांब जातो.